जिवाणूने बांधलेला रेणू हाती घेऊन पुढचं रसायन: नवख्यांसाठी पायरीपायरीने

मराठवाड्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, काउंटरमागच्या फळीवर इमामेक्टिन बेंझोएट असतंच. कापसावरची बोंडअळी, तुरीतली शेंगा पोखरणारी अळी, मक्यावरची लष्करी अळी, दुकानदार तेच पुढे करतो. पण त्या औषधाच्या रेणूचा जवळजवळ सगळा सांगाडा स्ट्रेप्टोमायसिस अ‍ॅव्हरमिटिलिस या मातीतल्या जिवाणूने बांधलेला आहे. जपानमधल्या कावाना इथल्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी तो वेगळा केला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने त्यातलं अ‍ॅव्हरमेक्टिन शोधलं, आणि २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं. रसायनशास्त्रज्ञांनी त्या भल्यामोठ्या रेणूच्या टोकाच्या साखरेवरचा एक हायड्रॉक्सिल गट काढून तिथे मिथाइल अमिनो गट बसवला, की झालं इमामेक्टिन. त्याच रेणूतला एकच दुहेरी बंध हायड्रोजन घालून भरला, की झालं आयव्हरमेक्टिन, गोठ्यातल्या जनावरांना जंतांवर आणि गोचिडांवर देतात ते.

या पद्धतीला अर्धसंश्लेषण म्हणतात. अवघड बांधकाम जिवाणू करतो, आपण मोजक्या जागी हात लावतो. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीकडच्या कॉलेजांतून रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करणारे बरेच जण प्रोजेक्टसाठी असा विषय शोधत असतात. दोन विभागांच्या मधला विषय असल्याने सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. रसायनवाल्यांना कल्चरची, म्हणजे जिवाणू वाढवण्याची भीती वाटते, सूक्ष्मजीववाल्यांना रिफ्लक्सची, म्हणजे द्रावण उकळत ठेवून त्याची वाफ थंड करून परत आत पाडण्याची. दोघांनाही झेपेल असा रस्ता खाली देतो आहे.

पहिली पायरी: जिवाणूने काय करून ठेवलंय ते नीट वाचा

प्रयोगशाळेत जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि एरिथ्रोमायसिन या जिवाणूने बनवलेल्या प्रतिजैविकाचा रेणू स्वतःच्या हाताने काढा. प्रिंट काढून वहीत चिकटवू नका, हाताने काढल्याशिवाय तो रेणू डोक्यात बसत नाही. चौदा अणूंचं कडं, त्याला लटकलेल्या दोन साखरा, एक कीटोन, बरेचसे हायड्रॉक्सिल. त्यात १८ कायरल केंद्रं आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपं घेऊ शकणारे कार्बन. प्रत्येक केंद्राची दोन रूपं धरली तर २,६२,१४४ शक्यता होतात, आणि जिवाणू त्यातली नेमकी एकच बनवतो, न चुकता. हाच रेणू मुळापासून बनवायला रॉबर्ट वुडवर्ड यांच्यासारख्या मातब्बर रसायनशास्त्रज्ञाला जवळपास पन्नास सहकाऱ्यांचा चमू लागला. ते काम छापून आलं १९८१ मध्ये, तोपर्यंत वुडवर्ड जाऊन दोन वर्षं झाली होती. औषध म्हणून एरिथ्रोमायसिन त्या मार्गाने कुणीही बनवत नाही. ते फर्मेंटरमधूनच येतं.

आता त्या रेणूची खोड पाहा. पोटातल्या आम्लात एरिथ्रोमायसिन टिकत नाही. सहाव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल नवव्या कार्बनवरच्या कीटोनवर चाल करून जातो, कडं आतल्या आत वळतं आणि औषध निकामी होतं. म्हणजे दोष दोन गटांच्या शेजारपणात आहे. ही गोष्ट कळली की उपाय दोनच उरतात: चाल करणाऱ्याला बांधा, नाहीतर ज्याच्यावर चाल होते तो गटच काढा. जपानमधल्या तैशो कंपनीने सहाव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलला मिथाइल लावला, ते क्लॅरिथ्रोमायसिन. झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत १९८० मध्ये स्लोबोदान जोकिच यांच्या चमूने कीटोनलाच हात घातला. कीटोनचं ऑक्झाइम, ऑक्झाइमवर बेकमन पुनर्रचना, मग क्षपण (रिडक्शन), आणि शेवटी फॉर्मल्डिहाइड व फॉर्मिक आम्लाने नायट्रोजनवर मिथाइल. चौदाचं कडं पंधराचं झालं, कीटोन गेला, मधे नायट्रोजन आला. हेच अ‍ॅझिथ्रोमायसिन, तुमच्या गावातल्या मेडिकलमध्ये तीन गोळ्यांच्या पाकिटात मिळतं ते.

या चार पायऱ्यांत जिवाणूने घडवलेलं एकही कायरल केंद्र कुणी उगाच मोडलेलं नाही. माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. एखाद्या रेणूवर काम करायचं ठरवलं की आधी विचारायचा प्रश्न असा: यातलं कोणतं काम माझ्याच्याने होणार नाही, आणि ते मला शाबूत ठेवता येईल का?

दुसरी पायरी: कोणत्या गटाला आधी हात लागेल ते ठरवा

जिवाणूच्या रेणूंवर क्रिया करता येतील असे गट भरपूर असतात, तीच अडचण. तुम्हाला एका हायड्रॉक्सिलवर काम करायचं असतं आणि अभिकारक दुसऱ्याच हायड्रॉक्सिलवर जाऊन बसतो. इमामेक्टिन बनवताना हेच होतं. हवा असतो टोकाच्या साखरेवरचा हायड्रॉक्सिल, पण पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल जास्त उतावीळ. म्हणून आधी पाचव्याला संरक्षक गट लावून झाकतात, मग साखरेवरच्याचं ऑक्सिडीकरण करून कीटोन करतात, मिथाइल अमाइन घालून क्षपण करतात, आणि शेवटी झाकण काढतात. कागदावर रेणू काढल्यावर प्रत्येक गटाशेजारी लिहा: आम्लात काय होईल, अल्कलीत काय होईल, क्षपणात काय होईल, गरम केल्यावर काय होईल. तासभर जातो, पण पुढचे महिने वाचतात.

क्षयरोगाच्या गोळ्यांमधलं रिफॅम्पिसिनही असंच. इटलीतल्या मिलानच्या लेपेटी प्रयोगशाळेत १९५७ मध्ये रिफामायसिन सापडलं. फर्मेंटेशनमधून मिळणारं रिफामायसिन बी स्वतः फारसं कामाचं नसतं. त्याचं रिफामायसिन एस, मग एसव्ही करतात, तिसऱ्या जागी अल्डिहाइड बसवतात आणि त्यावर १-अमिनो-४-मिथाइलपायपराझीन जोडून हायड्राझोन करतात. कागदावर शेवटची क्रिया बीएस्सीच्या मुलालाही ओळखीची वाटेल. तिच्यामुळेच क्षयरोगाचा उपचार वर्षा-दीड वर्षावरून महिन्यांवर यायला मदत झाली.

तिसरी पायरी: रेणूची निवड

इथे बहुतेक प्रोजेक्ट फसतात. आपल्याकडची काळी माती घ्यायची, त्यातून स्ट्रेप्टोमायसिस वेगळा करायचा, त्याचं प्रतिजैविक शोधायचं आणि त्यावर रसायन करायचं, असं स्वप्न घेऊन मुलं येतात. स्वप्न चांगलं आहे. आपल्या राज्यात ते खरंही झालंय: पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध निघालं. पण ते भरलेल्या, अनुभवी प्रयोगशाळेचं काम होतं. एमएस्सीच्या दोन सत्रांत मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून शुद्ध रेणूचे काही मिलिग्रॅम मिळाले तरी पुष्कळ, आणि मिलिग्रॅमवर नवख्याने संश्लेषण शिकू नये. टीएलसीच्या (पातळ थरावर मिश्रणाचे घटक वेगळे करून बघण्याच्या चाचणीच्या) दोन-चार प्लेटा काढल्या की माल संपतो.

म्हणून निवडीची माझी कसोटी साधी आहे. रेणू ग्रॅमने मिळाला पाहिजे. तो बनवणारा जिवाणू माणसाला त्रास न देणारा आणि ओळखीचा पाहिजे. रेणू बाटलीत महिनाभर टिकला पाहिजे. थिएनामायसिन हे प्रतिजैविक तिसऱ्या अटीवर नापास होणारं नामांकित उदाहरण. स्ट्रेप्टोमायसिस कॅटलिया ते बनवतो, इमिपेनेम त्याच्यापासूनच निघालं, पण मूळ रेणू इतका नाजूक की कारखान्यात तो जिवाणूकडून न घेता पूर्ण संश्लेषणानेच बनवावा लागला.

या तिन्ही अटींत बसणारा आणि आपल्याकडच्या साधनांत होणारा रेणू म्हणजे पीएचबी, अर्थात पॉलिहायड्रॉक्सिब्यूटिरेट. १९२६ मध्ये मॉरिस लेमोइन यांनी बॅसिलस मेगाटेरियममध्ये तो शोधला. खायला कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी पडला की हा जिवाणू जास्तीचा कार्बन पेशीतच कणांच्या रूपात साठवून ठेवतो, कणगीत ज्वारी भरून ठेवावी तसा. ‘जैवप्लास्टिक’ म्हणून पीएचबीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आपल्याला त्याच्या प्लास्टिकपणाशी देणंघेणं नाही. ही लांब साखळी ज्या मणक्यांची बनलीय तो प्रत्येक मणका ३-हायड्रॉक्सिब्यूटिरिक आम्लाचा आहे, आणि प्रत्येकाचं कायरल केंद्र आर रूपाचं (कायरल केंद्राच्या दोन रूपांना आर आणि एस म्हणतात). साखळी तोडली की एकाच हाताचा, लहानसा, दोन गटांचा रेणू ग्रॅमने मिळतो. तुमचा पहिला कच्चा माल हाच.

चौथी पायरी: जिवाणू वाढवणं

स्ट्रेन ओळखीच्या संग्रहातूनच मागवा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) एनसीआयएम आहे, चंडीगडला एमटीसीसी आहे. बॅसिलस मेगाटेरियमचं आता प्रीस्टिया मेगाटेरियम असं नामांतर झालंय, यादीत दोन्ही नावांनी शोधा. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने जातो, त्यामुळे सुट्ट्या लागण्याआधी पाठवा.

कार्बनसाठी साखर कारखान्याची मळी वापरावी असं पहिल्यांदा मनात येतं. पण मळी राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांखाली येते, कॉलेजला ती मागवणं कटकटीचं. गूळ घ्या. रंग उजळण्यासाठी हायड्रोस घातलेला पिवळाधमक गूळ नको, काळसर, रसायन न घातलेला घ्या. एका लिटरला २० ग्रॅम गूळ पुरतो. हा जिवाणू उसाची साखर सहज खातो. त्याबरोबर अमोनियम सल्फेट १ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट दीड ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेतीन ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम. पीएच ७. गुळाचं पाणी वेगळं ऑटोक्लेव्ह करा आणि थंड झाल्यावर क्षारांच्या पाण्यात मिसळा. एकत्र तापवलं तर रंग काळपट येतो आणि तळाशी गाळ बसतो. पाणी डिस्टिल्डच घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात इतका क्षार असतो की फॉस्फेट घातल्याबरोबर ते दुधासारखं होतं.

५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिलीच माध्यम भरा. वरची रिकामी जागा हवेसाठी आहे. जास्त भरलं तर जिवाणूला हवा पुरत नाही. शेकरवर १५० फेऱ्या, ३० अंश. एप्रिल-मेमध्ये खोलीचंच तापमान चाळीशीला टेकतं आणि साध्या इन्क्युबेटरला फक्त गरम करता येतं, थंड करता येत नाही. त्यामुळे हा भाग दिवाळीनंतर ते होळीच्या आत उरकून घ्यावा. लाइट गेली आणि शेकर तासाभरापेक्षा जास्त थांबला तर वहीत तशी नोंद करा, नंतर उतारा कमी का आला हे शोधताना तीच उपयोगी पडते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: काढणीची वेळ. बॅसिलस उपाशी पडला की बीजाणू बनवायला लागतो, आणि त्यासाठी साठवलेलं पीएचबी स्वतःच खाऊन टाकतो. ‘अजून एक दिवस ठेवू, जास्त मिळेल’ या विचाराने माल जातो. चोवीस तासांनंतर दर सहा-आठ तासांनी सुदान ब्लॅकचा डाग करून बघा. काचपट्टीवर स्मिअर पसरून उष्णतेने पक्का करा, ०.३ टक्के सुदान ब्लॅक दहा-पंधरा मिनिटं, झायलीनने धुवा, मग सॅफ्रानिन पाच-दहा सेकंद, पाण्याने धुऊन वाळवा. तेल टाकून शंभरच्या भिंगाखाली पाहिलं की गुलाबी दांडक्यांच्या आत निळसर काळे गोळे दिसतात. एका दांडक्यात तीन-चार ठसठशीत गोळे दिसले की काढणीला आलं समजा. गोळे बारीक होऊन टोकाला चकाकता, न रंगलेला अंडाकृती डाग दिसायला लागला तर बीजाणू सुरू झाले, लगेच उतरवा. साधारण ३६ ते ४८ तासांत ही वेळ येते. घड्याळापेक्षा भिंगावर जास्त विश्वास ठेवा.

पाचवी पायरी: पेशीतून पीएचबी काढणं

सेंट्रिफ्यूजवर पेशी खाली बसवा, पाण्याने एकदा धुवा. मग सोडियम हायपोक्लोराइटचं ४ टक्के द्रावण घालून ३७ अंशांवर तासभर ठेवा. पेशीचं बाकी सगळं विरघळतं, पीएचबीचे कण उरतात. प्लास्टिकवाले या पायरीला फार जपतात, कारण हायपोक्लोराइटने साखळी तुटून आखूड होते. आपल्याला साखळी तोडायचीच आहे, त्यामुळे ती काळजी सोडा.

दुसरी काळजी मात्र सोडू नका. हायपोक्लोराइट असलेल्या भांड्यात आम्ल कधीही टाकायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. आणि हायपोक्लोराइट पाण्याने दोन-तीनदा पूर्ण धुतल्याशिवाय अ‍ॅसिटोन घालायचं नाही. दोघांची क्रिया होऊन भांडं तापतं आणि क्लोरोफॉर्म तयार होतो. पाण्याने धुणं, मग इथेनॉल, मग अ‍ॅसिटोन, हा क्रम मोडू नका.

वाळलेला करडा-पांढरा भुगा क्लोरोफॉर्ममध्ये घालून कंडेन्सर लावून ५५ ते ६० अंशांवर ढवळत ठेवा. फ्यूम हूडमध्येच. विरघळलं की गरम असतानाच गाळा आणि गाळलेलं द्रावण पाच-सहा पट थंडगार मिथेनॉलमध्ये, ढवळत ढवळत, बारीक धारेने सोडा. पांढरे तंतू पिंजलेल्या कापसासारखे वर येतात. गाळून वाळवा. इन्फ्रारेडमध्ये १७२० च्या आसपास एस्टरचा जोरदार पट्टा दिसला की माल बरोबर आहे. थोडासा भुगा संहत सल्फ्युरिक आम्लात गरम केला तर त्याचं क्रोटोनिक आम्ल होतं आणि ते २३५ नॅनोमीटरला दिसतं. यूव्ही यंत्र असलेल्या कॉलेजला ही जुनी, खात्रीची कसोटी.

लिटरमागे ग्रॅमभर पीएचबी हाती आलं तरी पहिल्या खेपेला समाधान माना. पुढच्या क्रियेला दहा ग्रॅम लागतील. माझं मत स्पष्ट आहे: एक-दोन ग्रॅम स्वतः काढा, कारण ते शिकण्यासारखं आहे, आणि उरलेली पूड रसायनांच्या पुरवठादाराकडून विकत घ्या. तीही जिवाणूंनीच बनवलेली असते. सगळंच स्वतः करण्याच्या हट्टापायी संश्लेषणाला वेळ उरत नाही.

सहावी पायरी: साखळी तोडणं

दहा ग्रॅम पीएचबी, ४० मिली कोरडं १,२-डायक्लोरोइथेन, तासभर रिफ्लक्स, म्हणजे पॉलिमर फुगून विरघळायला लागतं. मग ४० मिली मिथेनॉलमध्ये सावकाश मिसळलेलं सुमारे १ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल घाला आणि रिफ्लक्स चालू ठेवा. एकूण तीन दिवसांइतके तास लागतात. डायक्लोरोइथेन कर्करोगकारक आहे, हातमोजे आणि हूड यांत तडजोड नाही. डायक्लोरोइथेन मिळालं नाही तर क्लोरोफॉर्मवर करा, तेही हूडमध्येच; उकळबिंदू कमी असल्याने वेळ आणखी लागेल.

आत काय होतं ते समजून घ्या. आम्लामुळे एस्टरच्या कार्बोनिल कार्बनवर मिथेनॉल येऊन बसतं आणि कार्बोनिलकडचा बंध तुटतो. कायरल कार्बन आणि त्याच्यावरचा ऑक्सिजन यांच्यातला बंध जसाच्या तसा राहतो. म्हणून आर रूप टिकतं. अल्कली वापरली असती तर शेजारचा हायड्रोजन निघून ऑक्सिजनच बाहेर पडला असता आणि क्रोटोनेट मिळालं असतं. क्रोटोनेटमध्ये कायरल केंद्रच नाही, मग जिवाणूची सगळी मेहनत गेली.

तीन दिवस रिफ्लक्स म्हणजे कंडेन्सरला तीन दिवस पाणी. मिनिटाला अर्धा लिटर धरला तरी दोन हजार लिटरच्या वर जातं. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथे हे नळाला लावून मोरीत सोडणं मला पटत नाही. डेझर्ट कूलरचा छोटा पंप घ्या, मोठ्या बादलीत सोडा, त्याच बादलीत बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकत राहा. पाणी फिरतं, वाया जात नाही. रात्री कुणी नसताना रिफ्लक्स चालू ठेवू नका. संध्याकाळी हीटर बंद करा, कंडेन्सरच्या तोंडाला कॅल्शियम क्लोराइडची नळी लावा, सकाळी पुन्हा सुरू करा. तासांची बेरीज झाली म्हणजे झालं. आठ-नऊ दिवस लागतात, लागू द्या.

क्रिया पुढे सरकतेय का हे टीएलसीवर बघा. पण हा रेणू यूव्हीखाली दिसत नाही. प्लेट पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवून तापवा, जांभळ्यावर पिवळा ठिपका उठतो.

थंड झाल्यावर मिठाच्या अर्ध्या संपृक्त पाण्याने धुवा. साधं पाणी नको, कारण हे एस्टर पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि नुसत्या पाण्याने धुतलं तर अर्धा माल मोरीच्या वाटेला लागतो. पाण्याचा थर पुन्हा दोनदा द्रावकाने काढून घ्या. मग सोडियम बायकार्बोनेट, फेस थांबेपर्यंत. निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवून द्रावक उडवा. रोटाव्हेपरचा व्हॅक्यूम हळूहळू वाढवा, जोर केलात तर माल द्रावकाबरोबर निघून जातो. शेवटी कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन: मिथाइल (आर)-३-हायड्रॉक्सिब्यूटिरेट ११ मिलिमीटर दाबाला ५६ ते ५८ अंशांवर येतं. आधी येणारा थोडा भाग वेगळा ठेवा, त्यात क्रोटोनेट असतं. दहा ग्रॅमपासून हिशेबाने १३.७ ग्रॅम यायला पाहिजे, तुमच्या उताऱ्याची टक्केवारी त्यावरून काढा.

सातवी पायरी: खात्री

कॉलेजातला पोलारिमीटर साखरेच्या प्रॅक्टिकलपुरता बाहेर निघतो, त्याला इथे खरं काम आहे. प्रकाशाचं वळण ऋण यायला हवं. ऋणच पण आकडा कमी आला तर आत क्रोटोनेट किंवा द्रावक राहिलाय, पुन्हा ऊर्ध्वपातन करा. प्रोटॉन एनएमआर विद्यापीठात किंवा बाहेर शुल्क भरून काढून घ्या. १.२३ पीपीएमला मिथाइलचा दुहेरी (दोन रेघांचा) संकेत, २.४ ते २.५ ला दोन हायड्रोजन, ३.७१ ला एस्टरच्या मिथाइलची एकच उंच रेघ, ४.२ ला कायरल कार्बनवरचा हायड्रोजन. ५.८ आणि ७ च्या जवळपास काही दिसलं तर ते क्रोटोनेट. ही चार-पाच चिन्हं पाठ असू द्या, तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात.

आठवी पायरी: ठोकळा कामाला लावणं

आता तुमच्या हातात चार कार्बनांचा, एका टोकाला एस्टर आणि मधे एका हाताचा हायड्रॉक्सिल असलेला ठोकळा आहे. पहिली क्रिया म्हणून हायड्रॉक्सिल झाका. टर्ट-ब्यूटिलडायमिथाइलसिलिल क्लोराइड सव्वापट, इमिडॅझोल दुप्पट, कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये, बर्फावर सुरू करून रात्रभर खोलीच्या तापमानाला. क्रिया सरळ आहे, उतारा चांगला येतो, आणि पुढे एस्टरवर काम करताना हायड्रॉक्सिल आडवा येत नाही. दुसरा सोपा मार्ग लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइडने एस्टर क्षपण करून (आर)-१,३-ब्यूटेनडायॉल बनवण्याचा, पण ते अभिकारक पाण्याशी पेटतं, सर किंवा मॅडम शेजारी उभे असतानाच करा.

हायड्रॉक्सिलचं टॉसिलेट करायचं असेल तर जपून. शेजारचा हायड्रोजन आधीच एस्टरमुळे सैल झालेला, त्यात टॉसिलेटसारखा चटकन निघणारा गट बसवला की जराशी अल्कली मिळाली तरी क्रोटोनेट. पण नीट केलं तर केवढं काम होतं, ते डॉर्झोलामाइडमध्ये दिसतं. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालतात ते औषध. मर्क या औषध कंपनीच्या मार्गात पीएचबीपासून मिळालेल्या याच एस्टरचं टॉसिलेट करून त्यावर थायोफीनचा गंधक आणला जातो. तो मागून येतो, म्हणून आर रूप उलटून एस होतं, आणि औषधातलं एक कायरल केंद्र तिथेच पक्कं होतं. वर थिएनामायसिनचं सांगितलं, त्या कुळातल्या कार्बापेनेम औषधांच्या कड्याशेजारचा हायड्रॉक्सिइथाइल गटही एका ज्ञात मार्गाने याच (आर)-३-हायड्रॉक्सिब्यूटिरेटपासून आणता येतो. एका जिवाणूचा रेणू इतका नाजूक की बाटलीत टिकेना, तर दुसऱ्या जिवाणूच्या साठवणीतून त्याचा पाया घातला.

इथवर हात बसला की मग एरिथ्रोमायसिनकडे वळा. मेडिकलमधल्या गोळ्या कुटून नका घेऊ, त्यात बहुधा स्टिअरेट असतं आणि भरणद्रव्यं वेगळी. शुद्ध बेस मागवा. मिथेनॉलमध्ये हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि ट्रायइथाइल अमाइन घालून ऑक्झाइम करणं ही चांगली दुसरी पायरी आहे. मोठा रेणू, बरेच गट, तरी क्रिया एकाच कीटोनवर होते.

टाकाऊ मालाचं आधीच ठरवून ठेवा. जिवाणूंचं सगळं माध्यम, वापरलेल्या काचपट्ट्या आणि टिप्स १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाका. क्लोरोफॉर्म आणि डायक्लोरोइथेन यांची बाटली वेगळी आणि अ‍ॅसिटोनची वेगळी. क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन एकत्र पडले आणि त्यात अल्कली गेली तर बाटली फुटू शकते. एरिथ्रोमायसिन किंवा कुठलंही प्रतिजैविक बेसिनमध्ये ओतू नका. मोरीतल्या आणि नाल्यातल्या जिवाणूंना त्याची सवय लागली की ते औषध पुढे आपल्याच माणसांवर चालेनासं होतं. उरलेलं सगळं जाड झाकणाच्या डब्यात, नाव आणि तारीख लिहून, जाळून नष्ट करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यायला ठेवा. एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांना अशी व्यवस्था लावावीच लागते. कॉलेजने तिथल्या ओळखीच्या माणसाकडून पत्ता विचारून आपलाही डबा त्याच वाटेने जाईल असं बघावं.